हवा लागू देऊ नका

मित्रांनो, धानोऱ्याच्या दवाखान्यामागे नर्सबाईंच्या खोल्या आहेत. त्यांतल्या शेवटच्या खोलीत, खाटेखाली, थर्माकोलची एक जुनी पेटी पडून असते. ती मी. माझा एक कोपरा तुटला आहे आणि झाकण आता नीट बसत नाही. खोली झाडताना केरसुणी मला ढकलून पलीकडे करते आणि काम झालं की मी पुन्हा अलीकडे येते. एवढीच आता माझी हालचाल. पण एका थंडीत माझ्या पोटात तीन जीव होते आणि मला त्यांना सुखरूप पोहोचवायचं होतं. त्या प्रवासाबद्दल मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार कशी? मला तोंड नाही.

माझा जन्म नागपूरजवळच्या एका कारखान्यात झाला. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे वाफेवर फुगवतात, साच्यात दाबतात, की झाली पेटी. मी हलकी होते, पांढरीशुभ्र होते आणि माझ्यात ठेवलेली वस्तू गार असेल तर गार आणि ऊन असेल तर ऊन राहायची. सुरुवातीला माझ्यातून इंजेक्शनं आणि औषधं जायची. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात माझी फेरी ठरलेली होती. औषधं उतरवून घेणारा माणूस आतला बर्फ चाचपून म्हणायचा, ‘पेटी चांगली आहे, अजून पाणी झालं नाही.’ ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पुढे दवाखान्यात नव्या निळ्या पेट्या आल्या आणि मला कचऱ्याच्या गाडीत टाकायचं ठरलं. तिथे करिष्मा नावाची मुलगी नर्सिंग शिकत होती. तिने मला उचललं आणि घुग्घुसला आपल्या घरी नेलं.

त्या घरात दोनच माणसं होती, करिष्मा आणि तिचे वडील हरिदास. करिष्माची आई ती लहान असतानाच गेली होती. हरिदासभाऊंनी सारा जन्म कोळशाच्या खाणीत डंपर चालवला आणि आता ते निवृत्त झाले होते. घुग्घुसला सकाळी ओसरी पुसली तरी दुपारी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं, एवढी धूळ. तीच धूळ हरिदासभाऊंच्या छातीतही बसली होती. चार पावलं चालले की त्यांना थांबावं लागायचं. थांबल्यावर ते इकडेतिकडे असं बघायचे, जणू काही पाहायलाच थांबले आहेत.

उन्हाळ्यात माझ्यात बर्फ आणि ताकाची भांडी असायची. पावसाळा लागला की मी सज्ज्यावर जायची. तिथे जुन्या गोधड्यांच्या शेजारी पडून मी खालचं सगळं ऐकायची.

एक दिवस करिष्माने घरात काचेची टाकी आणली आणि तिच्यात तीन बेडूक सोडले. पोपटी रंगाचे, गुबगुबीत, बोटांच्या टोकांना गोल गोल गाद्या असलेले. हे आपल्या डबक्यातले बेडूक नव्हते. आपल्याकडचे रानातले बेडूक धरून पाळायचे नसतात, कायद्यानेही ते मना आहे, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. हे परदेशी जातीचे होते, पाळणाऱ्याच्याच घरी जन्मलेले, आणि त्यांची सरकारात नोंदही तिने केली होती.

“घरात बेंडकं पाळते का कोणी?” हरिदासभाऊ म्हणाले.

“आता पाळले ना, बाबा,” करिष्मा म्हणाली.

मग करिष्माला धानोऱ्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. तिथे राहायची नीट सोय होईपर्यंत बेडूक घुग्घुसलाच राहायचे ठरले. हरिदासभाऊ पहिले काही दिवस कुरकुरले. नंतर मात्र त्यांनीच त्यांची नावं ठेवली. सगळ्यात जाडा बेडूक दिवसभर एका जागी बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून तो मॅनेजर. दुसरी ठमी. तिसरी सगळ्यांत लहान, ती बारकी. बारकीला एका डोळ्याने दिसत नव्हतं. किडा त्या बाजूने गेला की तो तिला सापडायचा नाही आणि ती उपाशी राहायची. म्हणून हरिदासभाऊ तिला चिमट्याने भरवायचे. खाली बसताना त्यांना दम लागायचा, पण ते बसायचे.

“इकडून पाह, इकडून,” ते तिला सांगायचे. “त्या डोयाचा भरवसा नको ठेवू.”

त्या वर्षी हिवाळा कडक पडला. टाकीवर दिवा लावलेला असायचा, म्हणून बेडकांना ऊब होती. हरिदासभाऊंना मात्र श्वास पुरेना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उशीर नको, नागपूरला भरती व्हा. सोबत त्यांचा पुतण्या मिथुन जाणार होता. घराला कुलूप लागणार होतं आणि बेडकांना हात लावायला शेजारीपाजारी कोणी तयार नव्हतं.

करिष्माला येता येईना. तिच्या दवाखान्यातली दुसरी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर होती आणि खाटा पेशंटांनी भरलेल्या होत्या. ती रोज रजा मागत होती आणि तिला रोज तेच उत्तर मिळत होतं. फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता.

“बाबा, तुम्ही नागपूरले जा. बेडकांचं पाहू काहीतरी.”

“काय पाहू? दोन दिवस दिवा बंद राह्यला तर हे मरून जातीन,” हरिदासभाऊ म्हणाले. “मी यांले तुझ्याकडे धाडतो. कसं धाडाचं ते सांग.”

असं मला सज्ज्यावरून खाली काढण्यात आलं.

मित्रांनो, थंडीत बेडूक पाठवायचे म्हणजे सोपं काम नाही. करिष्मा फोनवर सांगत गेली आणि हरिदासभाऊ थांबत थांबत करत गेले. निघायच्या आधी बेडकांना खायला द्यायचं नाही, नाहीतर वाटेत पोट बिघडतं. प्रत्येकाला वेगळा डबा. डब्यात पाणी साचू द्यायचं नाही, फक्त ओलं शेवाळ, पिळून घेतलेलं. डब्याला भोकं. तीन डबे माझ्यात बसवून मधल्या फटींत कागदाचे बोळे, म्हणजे डबे हलणार नाहीत.

ऊब राहावी म्हणून करिष्माने एक पुडी मागवून घेतली होती. बर्फाळ मुलखात जाणारे लोक हात शेकायला खिशात ठेवतात, तसली. आत लोखंडाचा भुसा असतो. त्याला हवा लागली की ती आपोआप तापते आणि हवा मिळाली नाही की विझते. ती बेडकांना चिकटली तर त्यांना भाजेल, म्हणून हरिदासभाऊंनी ती आपल्या लोकरीच्या मोज्यात घातली आणि माझ्या झाकणाला आतून चिकटवली.

“आता पेटीले भोकं पाडा,” करिष्मा म्हणाली. “दोन्ही बाजूंनी.”

“थंडी नाई जाईन त्यातून?”

“थोडी जाईन बाबा. पण त्यांले श्वास लागते ना. आन् पुडीलेही हवा लागते.”

श्वासाचं हरिदासभाऊंना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर गरम केला आणि माझ्या दोन्ही कुशींना भोकं पाडली. मला दुखलं नाही. उलट त्या भोकांतून आत पोहोचणारी हवा मला कळायला लागली आणि पहिल्यांदाच वाटलं की मी नुसती पेटी नाही.

शेवटी बारकीचा डबा बंद करताना ते थोडे थांबले. “करिष्माकडे चालली तू,” ते तिला म्हणाले. “ते भरवीन तुले.”

सकाळी आम्ही सगळे ऑटोने चंद्रपूरच्या बसस्थानकावर गेलो. मी हरिदासभाऊंच्या मांडीवर होते आणि त्यांची धाप मला आरपार जाणवत होती. आभाळ भरून आलं होतं आणि वारा बोचत होता. धानोऱ्याच्या गाडीचा कंडक्टर लटारू त्यांच्या ओळखीचा निघाला. एकेकाळी तो घुग्घुसलाच राहायचा.

“जयभीम, भाऊ,” लटारू म्हणाला. “तब्येत लय उतरली.”

“चालते. हे पेटी आहे, जिवंत बेंडकं आहेत यात. डिक्कीत नको टाकू, आपल्याजवळ ठेव. गार हवा लागू देऊ नको. पण हे भोकं मोकळे ठेवजो, त्यांच्यावर काही ठेवू नको. धानोऱ्याले माही पोरगी येईन घ्याले.”

“काही फिकर करू नका. माह्या सीटखाली ठेवतो.”

हरिदासभाऊंनी माझ्या झाकणावर एकदा हात ठेवला. मग मिथुन त्यांना धरून नागपूरच्या गाडीकडे घेऊन गेला. आमची गाडी आधी निघाली.

लटारूने दिलेला शब्द पाळला. त्याच्या सीटखाली इंजिनची ऊब यायची. पुडी मोज्यात मंद तापली होती. मॅनेजर निवांत बसला होता, ठमी अधूनमधून पाय हलवायची आणि बारकी डब्याच्या भिंतीला पाय लावून उभी राहायची. त्या गोल गाद्यांचा स्पर्श मला डब्यातून कळायचा. मी मनात म्हणत होते, पोहोचू आपण.

मूल गाव सोडून सावली गावाकडे जाताना, दोन्ही बाजूंना जंगल असलेल्या रस्त्यावर, गाडी बंद पडली.

बराच वेळ खटपट झाली. वारा वाढला आणि मग बारीक पाऊस सुरू झाला, हिवाळ्यातला, अवकाळी. प्रवासी झाडाखाली कुडकुडत उभे होते. अखेर मागून गडचिरोलीची दुसरी गाडी आली. लटारूला मात्र बंद गाडी सोडून जाता येत नव्हतं, मेकॅनिक येईपर्यंत त्याला तिथेच थांबायचं होतं. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि लोक धक्काबुक्की करत चढत होते. लटारूने मला उचललं आणि इकडेतिकडे पाहिलं. सीताबाई नावाच्या एक बाई धानोऱ्याला परत निघाल्या होत्या. अंगावर शाल, हातात पिशवी, वयाने पन्नाशीच्या.

“बाई, एक काम करा. धानोऱ्याच्या दवाखान्यात करिष्मा सिस्टर आहेत, त्यांच्या हाती हे पेटी द्या. जीव आहेत आत, बेंडकं. हवा लागू देऊ नका.”

एवढंच. भोकांचं राहून गेलं. त्याने टाळलं असं नाही. मागून कोणीतरी ‘कंडक्टर, आमच्या तिकिटाचं काय’ म्हणून ओरडलं आणि तो तिकडे वळला.

सीताबाईंनी मला छातीशी धरलं. गाडीत शिरल्यावर त्यांनी मला मांडीवर घेऊन नीट पाहिलं. माझ्या कुशींतली भोकं त्यांना दिसली आणि त्यांचा जीव हळहळला.

“अगं माय,” त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, “सारी हवा आत चालली यातून.”

त्यांनी पिशवीतून मोठी पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकचा कागद, काढली. चांगली जाड, खताच्या पोत्यातली. ती माझ्याभोवती घट्ट लपेटली आणि वरून सुतळी आवळली. मग अंगावरची शाल काढली आणि तीही माझ्याभोवती गुंडाळली. स्वतः नुसत्या लुगड्यावर बसल्या.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, बाई, ती भोकं उघडी ठेवा. पण मी पेटी. आणि त्या शालीला त्यांच्या अंगाची ऊब होती. आधी तर आतल्यांनाही बरं वाटलं. वारा थांबला, थंडी थांबली. मग हळूहळू पुडी गार पडायला लागली. तिला हवा मिळेना. मोज्यातली ऊब ओसरत गेली आणि आतली हवा जड झाली, ओली झाली. माझ्या भिंतींना आतून थेंब आले. मॅनेजरने डोळे मिटून घेतले. ठमीचे पाय हलायचे थांबले. बारकी मात्र आपल्या डब्याच्या भोकाशी तोंड नेऊन बसली, उजेडाची बाजू शोधत. पण तिचा बरा डोळा ज्या बाजूला होता, तिकडेही आता अंधारच होता.

गडचिरोलीला गाडी बदलायची होती. बसस्थानकावर सीताबाई दातावर दात वाजत बाकावर बसल्या, पण त्यांनी मला खाली ठेवलं नाही. शेजारी कॉलेजची एक मुलगी होती. तिने विचारलं, “काय आहे काकू यात?”

“जीव आहेत. बेंडकं म्हणतेत.”

“मग असं बांधून काऊन ठेवलं?”

माझी सगळी आशा त्या मुलीवर लागली.

“कंडक्टरनं सांगतलं ना, हवा लागू देऊ नका म्हणून.”

“हो का,” ती मुलगी म्हणाली आणि तिची गाडी लागली म्हणून उठून गेली.

पुढचा रस्ता जंगलातून होता. सीताबाई मला थोपटत होत्या, तान्ह्या लेकराला थोपटावं तसं. “आता पोहचूनच राह्यलो,” त्या म्हणायच्या. आत कोणीच हलत नव्हतं. ते हात किती मायेचे होते, ते मला अजून आठवतं. ते हात वाईट असते तर मला राग तरी करता आला असता.

दिवस कलताना आम्ही धानोऱ्याला पोहोचलो. सीताबाई घरी न जाता थेट दवाखान्यात आल्या. करिष्मा सकाळपासून काम सांभाळून जमेल तेव्हा बसस्थानकावर जाऊन परत येत होती. सीताबाईंच्या हातात शालीचं गाठोडं बघून तिला आधी काही समजलंच नाही.

“घ्या सिस्टर, तुमचं सामान. अजिबात हवा लागू देली नाई.”

करिष्माने शाल सोडली. मग तिला पन्नी दिसली. तिचे हात थांबले. मग तिने कात्रीने सुतळी कापली. तिने झाकण उघडलं आणि डबे एकेक करून बाहेर घेतले. गार पडलेल्या बेडकांना एकदम शेकत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने खोलीचं दार बंद केलं, डब्यांची झाकणं काढली आणि वाट पाहत बसली. मॅनेजरचा गळा हळूच हलला. पुष्कळ वेळाने ठमीने एक पाय पोटाशी ओढला. बारकी तशीच राहिली. करिष्माने तिला ओल्या तळहातावर घेतलं. बोटाने तिच्या पायाच्या गाद्या उघडून पाहिल्या. त्या कशालाच चिकटत नव्हत्या.

सीताबाई दारात उभ्या होत्या. “मायं काही चुकलं काय, सिस्टर?”

करिष्माने मान वर केली. समोरच्या बाईचे ओठ थंडीने काळेनिळे पडले होते.

“नाई काकू,” ती म्हणाली. “तुम्ही जपून आणलं. थंडीच लय होती.”

तिने त्यांना चहा करून दिला आणि शाल झटकून त्यांच्या अंगावर घातली. त्या गेल्यावर मात्र ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि पन्नी हातात घेऊन रडली.

थोड्या वेळाने नागपूरहून फोन आला. हरिदासभाऊ भरती झाले होते. नाकाला नळी होती, त्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

“पोहचले काय?”

“पोहचले बाबा. मॅनेजर आन् ठमी बरे आहेत.”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

“बारकी?”

करिष्मा खोटं बोलेल असं मला वाटलं. आजाऱ्याशी बोलावं लागतं कधीकधी. पण ती म्हणाली, “बारकी नाई राह्यली, बाबा.”

मग हरिदासभाऊ म्हणाले, “आपून सगळं बराबर केलं होतं ना?”

“हो बाबा. तुम्ही सगळं बराबर केलं होतं.”

उन्हं तापायला लागल्यावर हरिदासभाऊ धानोऱ्याला आले, कायमचे. छाती काही नीट झाली नाही, पण त्यांना बसता-बोलता येत होतं. करिष्माने त्यांना सगळं सांगितलं, गाडी बंद पडल्याचं, पन्नीचं, शालीचं. ते ऐकत राहिले.

“शालीवाचून त्या बाईले लय थंडी वाजली असन,” एवढंच ते म्हणाले.

सीताबाई बीपीच्या गोळ्या घ्यायला दवाखान्यात यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, “बेंडकं बरी आहेत ना?” करिष्मा ‘हो’ म्हणून वळायची. एकदा ओट्यावर हरिदासभाऊ बसले होते. त्यांनी त्यांना शेजारी बसवलं.

“बाई, तीन होते. दोन वाचले. तुमच्या शालीनं वाचले.” ते दम घ्यायला थांबले. “तिसरं पन्नीनं गेलं. त्याले श्वास भेटला नाई. तुम्हाले कोणी पुरं सांगतलंच नाई, त्यात तुमचा काही दोष नाई. पण आता तुम्हाले माईत पाह्यजे.”

सीताबाईंनी पदर तोंडाला लावला. दोघं तिथे बसून राहिले, औषधांची खिडकी बंद होईपर्यंत. उठताना सीताबाईंनी विचारलं, “कुठी ठेवलं त्याले?” करिष्माने त्यांना खोलीमागची, बारकीला पुरलेली जागा दाखवली. सीताबाईंनी तिथे उभं राहून हात जोडले आणि गोळ्यांची पुडी घेऊन त्या घरी गेल्या.

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगू? कोणाचा जीव तुमच्या हाती आला तर माया कराच. पण आधी विचारा, याला काय लागतं. आणि दुसऱ्याच्या हाती देताना घाई असली, मागून कोणी ओरडत असलं, तरी निरोप पुरा सांगा. आत असलेल्याला बोलता येत नाही. त्याला उराशी धरून नेणाऱ्या पेटीलाही येत नाही. तुम्हाला येतं.